हरभरा घरात आला की निघा

पत्र:

ताई, आम्ही लातूर जिल्ह्यातले. दहा एकर कोरडवाहू शेती, खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा. मुलगा चार वर्षांपासून कॅनडात विनिपेगला आहे, सून आणि सात वर्षांचा नातू सोबत. तिकडं जगावेगळी थंडी असते म्हणतात. मुलाला नाताळात सुट्टी मिळते, म्हणून तो म्हणतो डिसेंबरात या. सून म्हणते जुलैत या, तेव्हाच काय ते ऊन असतं. आमचे मालक म्हणतात, मार्गशीर्ष अमावास्येची शेतातली येळवस चुकवणार नाही आणि पेरणी दुसऱ्याच्या हाती देणार नाही. मला मात्र एकदा डोळ्यांनी बर्फ बघायचाय, हातात घ्यायचाय. पण हिवाळ्यात माझी छाती घरघरते, दम लागतो. मालकांचे गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. मी ६१ वर्षांची, ते ६६. जाणं होईल ते एकदाच. कधी जावं?

उत्तर:

ताई,

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात जा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात परत या. उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल आणि दाजींनाही वाचून दाखवाल. मुलगा, सून, दाजी आणि तुम्ही, चौघांचं म्हणणं मी समोर ठेवलं होतं. त्यातून ही एकच वाट अशी निघते की येळवस चुकत नाही, हरभरा काढून घरात येतो, मृगाच्या आधी दाजी बांधावर हजर असतात आणि तुमचा बर्फही राहत नाही.

माझी थोरली लेक काही वर्षं विनिपेगला होती. मी दोनदा गेले. पहिल्यांदा तुमच्या मुलाचंच ऐकल्यासारखी डिसेंबरअखेरीस, दुसऱ्यांदा मार्चमध्ये. दोन्ही वेळा गेले त्याच घरी, त्याच गल्लीत, पण दोन वेगळ्या मुलखांत जाऊन आल्यासारखं वाटलं.

डिसेंबरचं आधी सांगते. तेव्हा तिथं सूर्य सकाळी साडेआठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी साडेचारला मावळतो. जेवण उरकून पाठ टेकवली आणि डोळा लागला, तर उठेपर्यंत रात्र झालेली. जानेवारीत दुपारचा पारा सरासरी उणे ११ आणि रात्रीचा उणे २१ असतो. ही सरासरी झाली. लाट आली की उणे ३० आणि त्याखाली जातो. आपल्याकडं परभणीत पारा चार-पाच अंशांवर आला की पेपरात पहिल्या पानावर बातमी येते, शेकोट्या पेटतात. ती थंडी मनात धरून तिकडच्या थंडीचा अंदाज बांधू नका, तो बांधता येतच नाही.

मी पहिल्यांदा बाहेर पडले ती सकाळ उणे ३१ ची होती. दार उघडून एक श्वास घेतला आणि नाकातले केस एकमेकांना चिकटले. दहा पावलं चालले नाही तोच पापण्यांवर पांढरी भुकटी धरली. पायाखालचा बर्फ नव्या कोल्हापुरी चपलेसारखा करकर वाजत होता. जावयानं गाडीच्या तोंडातून लोंबणारी वायर अंगणातल्या प्लगमध्ये खोचून ठेवलेली, म्हशीला दाव्यानं बांधावं तशी. इंजिन रात्रभर ऊबेत राहिलं नाही तर सकाळी गाडी चालू होत नाही. वारा असला तर उघडी कातडी दहा मिनिटांच्या आत गोठू शकते. मी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले आणि छाती आवळल्यासारखी झाली. मला तर दम्याचा त्रासही नाही. थंड, कोरडी हवा श्वासनळ्या आकुंचित करते आणि ज्यांची छाती मुळात घरघरते त्यांना ती सगळ्यात आधी गाठते. म्हणून ताई, डिसेंबर-जानेवारी तुमच्यासाठी नाहीच. मुलाची सुट्टी हे कारण त्यापुढं लहान आहे, हे त्याला माझ्या नावानं सांगा. सुट्टी दहा दिवसांची असते, तुम्ही राहणार तीन महिने. बाकीचे दिवस तुम्ही दोघं खिडकीत बसून काय बघणार?

आणखी एक गोष्ट, जी मला तिथं गेल्यावर कळली. कडाक्याच्या थंडीतला बर्फ हातात बसतच नाही. तो कोरडा असतो, रांगोळीसारखा बोटांतून निसटतो. त्याचा गोळा होत नाही की बाहुला होत नाही. बर्फ ओलसर व्हायला पारा शून्याच्या आसपास यावा लागतो आणि तो येतो मार्चमध्ये. तेव्हा दुपारी शून्याच्या जवळपास असतं, रात्री उणे दहा-अकरा. ऊन चांगलं डोळे दिपवणारं असतं, दिवस जवळजवळ बारा तासांचा झालेला असतो. अंगणात अजून गुडघाभर ढीग असतात. तुम्हाला बर्फ हातात घ्यायचाय ना, मग नातवासोबत त्याचे लाडू वळायचे दिवस हेच. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या शाळांना सुट्टी असते, तेव्हा तोही घरीच असेल.

सूनबाई म्हणते त्यात खोट नाही, हेही सांगायला हवं. लातूर-नांदेडच्या एखाद्या नोकरदार जोडप्यानं मला विचारलं असतं, तर मी त्यांना ऑगस्टच सांगितला असता. दुपारी पंचविशीतलं ऊन, रात्री नऊला मावळतीचा उजेड, देशोदेशीच्या लोकांचा फोकलोरामा नावाचा दोन आठवड्यांचा उत्सव, जो १९७० पासून भरतोय. पण जुलै-ऑगस्टात तुमच्या शेतात काय चालू असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. कोळपणी, फवारणी, मग पोळा, मग महालक्ष्म्या. महालक्ष्म्यांना घर बंद ठेवून तुमचं मन तिकडं रमेल का? शिवाय जून-जुलैत तिथले डास असे असतात की संध्याकाळी अंगणात बसायची सोय नाही. मऊ जमीन, साचलेलं पाणी, लांबलचक दिवस, त्यांची चंगळच. आणि बर्फ तर तेव्हा औषधालाही मिळत नाही.

सप्टेंबरअखेरीस झाडं पिवळीधमक होतात, ते रूप देखणं असतं. पण तेव्हा तुमचं सोयाबीन काढणीला आलेलं. नोव्हेंबराबद्दल काही बोलण्यासारखं नाही. सगळं करडं आणि गोठायला लागलेलं.

आता मार्चमधला धोका, तो नीट ऐका. मार्चमध्ये थंडी मारत नाही, घसरण मारते. दुपारी उन्हानं बर्फ वितळतो, त्याचं पाणी फुटपाथवर पसरतं आणि रात्री त्याची काच होते. सकाळी वरून नुसता ओला रस्ता दिसतो. दाजींचे गुडघे लक्षात घेता मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. बुटांच्या तळाला ओढून बसवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे तिथल्या दुकानांत मिळतात, ते मुलाला आधीच आणून ठेवायला सांगा. चालताना पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, हात खिशाबाहेर. सकाळी दहाच्या आत फिरायला निघायचंच नाही. आणि नदीवर, दिसायला कितीही टणक असली तरी, मार्चमध्ये पाय ठेवायचा नाही. हिवाळ्यात तिथले लोक गोठलेल्या नदीवर मैलोन्‌मैल वाट करून घसरपट्टीच्या बुटांनी फिरतात, पण मार्च लागला की ती वाट बहुधा बंदच होते.

एप्रिलबद्दल तुम्हाला कुणी फोटो पाठवणार नाही. एप्रिल तिथला कुरूप महिना. बर्फ काळा पडतो, रस्त्यावर हिवाळाभर टाकलेली वाळू उघडी पडते, जिकडंतिकडं राड. तुमचं मन पहिल्यांदा विटेल ते तेव्हा, म्हणून आधीच सांगून ठेवते. पण त्याच एप्रिलमध्ये मी जे पाहिलं ते विसरता येत नाही. शहराच्या मधोमध दोन नद्या मिळतात, रेड आणि असिनिबॉइन. त्या संगमाला द फोर्क्स म्हणतात. एका सकाळी लेकीनं मला तिथं नेलं. नदी फुटत होती. खाटेएवढे, बैलगाडीएवढे बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढत होते, घासत होते, आणि जात्यात भरड दळावं तसा एकसारखा घरघर आवाज येत होता. काठावर पन्नासेक माणसं नुसती उभी राहून बघत होती. कुणी बोलत नव्हतं.

रेड नदी दक्षिणेकडून उत्तरेकडं वाहते. त्यामुळं वरच्या अंगाचा बर्फ आधी वितळतो आणि पाणी येतं तेव्हा खालचं पात्र अजून गोठलेलंच असतं. पाणी तुंबतं, पूर येतो. १९५० साली मोठा पूर आला, शहराचा बराच भाग पाण्याखाली गेला. त्यानंतर त्यांनी १९६२ ते १९६८ या काळात शहराला वळसा घालून ४७ किलोमीटरचा कालवा खोदला, फक्त पुराचं पाणी बाहेरून काढून द्यायला. १९९७ च्या महापुरात त्यानंच शहर वाचवलं. मी त्या कालव्याच्या काठावर उभी होते आणि माझ्या डोळ्यांपुढं २०१६ चा एप्रिल होता, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो. महिना तोच. एका गावात पाणी घालवायचं कुठं हा घोर, एका गावात आणायचं कुठून. दाजींना तो कालवा अवश्य दाखवा. ते माझ्यापेक्षा जास्त वेळ उभे राहतील.

दाजींसाठी मात्र खरा महिना मे. तुमच्या पत्रात सोयाबीन हा शब्द वाचला आणि माझं उत्तर तिथंच पक्कं झालं. विनिपेगच्या भोवतालची जमीन काळी आहे, ताई. चिकण, पावसात पायाला गोळेच्या गोळे चिकटणारी, वाळली की भेगाळणारी, अगदी आपल्यासारखी. आपली काळी झाली बेसाल्टच्या खडकापासून. त्यांची हजारो वर्षांपूर्वी हिमनद्यांच्या पाण्यानं भरलेल्या एका अफाट तळ्याच्या गाळातून. त्या तळ्याला अगासी म्हणतात, आता नुसता त्याचा तळ उरलाय, पाटासारखा सपाट. आणि त्या काळ्या रानात मे महिन्यात काय पेरतात, तर गहू, कॅनोला नावाचं मोहरीसारखं गळिताचं पीक आणि सोयाबीन! आपण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरणी थांबवतो. ते पावसाची वाट बघत नाहीत, बर्फाचं पाणी जमिनीत मुरलेलंच असतं. ते बघतात जमीन किती तापली ते. दहा अंशांच्या आसपास आली की मेच्या मध्यापासून पेरायला घेतात. रायझोबियमचं जिवाणू खत बियाण्याला तेही चोळतात. काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, म्हणजे तुमच्याच बरोबर.

मुलाला सांगा, मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एका रविवारी दाजींना गाडीनं तासभर दक्षिणेला घेऊन जा. रस्ते मैला-मैलावर काटकोनात आखलेले, चारही बाजूंनी रस्ता असलेला एकेक तुकडा ६४० एकरांचा. एक माणूस यंत्रावर बसून दिवसात जेवढं पेरतो तेवढ्याला आपल्याकडं अख्खं गाव लागेल. दाजींना ते नुसतं बांधावरून बघू द्या, घाई करू नका. शेतात शिरायचं तर मालकाला विचारून, आणि मूठभर माती रुमालात बांधून आणायचा मोह त्यांना होईल, तो मोडा. माती आणि बियाणं दोन्ही देशांच्या विमानतळावर अडवतात. तिथली पेरणी बघून माणूस इकडं येईल आणि आठ-पंधरा दिवसांत स्वतःच्या रानात तीच पेरणी करील. असा योग वर्षातल्या दुसऱ्या कुठल्याच महिन्यात जुळत नाही.

मेमध्ये दुपारी अठरा-वीस अंश असतं, रात्री चार-पाच. आपल्याकडं तेव्हा ४२. झाडांना पालवी फुटते ती एवढ्या झपाट्यानं की सोमवारी उघडी असलेली गल्ली पुढच्या सोमवारी सावलीत जाते. रोपं मात्र लोक मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत बाहेर लावत नाहीत, उशिरा पडणाऱ्या हिमाच्या धास्तीनं. तुम्ही भेंडीची-मेथीची घाई करू नका. नातवाला घेऊन एक गंमत मात्र बघून या. शहराच्या उत्तरेला साधारण १३० किलोमीटरवर नार्सिस म्हणून ठिकाण आहे. तिथं चुनखडीच्या भेगांमध्ये हिवाळाभर दडलेले साप एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत बाहेर येतात, एकदोन नव्हे, हजारोंनी. दचकू नका, माणसाला त्यांच्यापासून अपाय नाही. लाकडी कठड्यामागून बघायचं. मी हात जोडूनच उभी होते.

मेमध्ये एक काळजी घ्यायची ती धुराची. उत्तरेकडच्या जंगलांत वणवे लागतात. २०२५ साली मेअखेरीस तर विनिपेगच्या मॅनिटोबा प्रांतात आणीबाणी जाहीर करावी लागली होती. वारा फिरला की धूर शहरावर येतो. अशा दिवशी खिडक्या लावून घरात राहायचं, बाहेर जाणं भागच असेल तर चांगला घट्ट मास्क लावायचा. म्हणूनच जायच्या आधी छातीच्या डॉक्टरांना भेटा, फक्त गावातल्या दवाखान्यातून गोळ्या घेऊन निघू नका. इनहेलर लागेल का, किती लागेल, ते विचारा. तीन महिन्यांची औषधं दोघांचीही मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, आणि ती हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगेत टाकलेली औषधं बॅगेबरोबरच हरवतात. माझी बॅग पहिल्या खेपेला चार दिवसांनी मिळाली होती आणि रक्तदाबाची गोळी तिच्यात होती. ते चार दिवस लेकीनं कसे काढले ते तिलाच ठाऊक.

विम्याशिवाय जाऊ नका. पाहुण्यांना तिथल्या सरकारी आरोग्य योजनेचा आधार नसतो आणि घसरून हाड मोडलं तर येणारं बिल दोन सोयाबीनच्या हंगामांनीही फिटायचं नाही. विमा घेताना बीपी आणि दमा लपवू नका. लपवलेला आजार निघाला की दावा नाकारतात. व्हिसासाठी दसऱ्याच्या सुमारास कागद जमवायला लागा. साध्या व्हिसावर बहुधा सहा महिन्यांपर्यंत राहू देतात, तुम्हाला तीनच पुरे आहेत. थेट विमान नाही. कॅनडातल्या पहिल्या विमानतळावर कागद तपासतात, तिथं बॅगा उचलून पुन्हा द्याव्या लागू शकतात. तिकीट काढतानाच दोघांसाठी व्हीलचेअर मागायला सांगा. दाजी नको म्हणतील. तरीही मागा, ढकलणारा माणूस रांगेतून वाटही दाखवतो.

कपड्यांवर इथं पैसे घालू नका. अंगालगतचे लोकरी किंवा थर्मल जोड दोन, लोकरीचे मोजे, माकडटोपी, एक शाल, एवढं न्या. जाड कोट आणि बूट तिथंच घ्या, मार्चमध्ये हिवाळी माल उतरत्या भावात निघतो. वेगवेगळी बोटं असलेल्या हातमोज्यांपेक्षा सगळी बोटं एकत्र राहतात ते गरम. घरात साडी नेसा, तिथं घर उबदारच असतं. बाहेर मात्र सलवार किंवा पँट. निऱ्यांचा काठ ओला झाला की अर्ध्या तासात कडक होतो आणि पायात येतो. घरातली गरम हवा फार कोरडी असते, ओठ फुटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या कडीला हात लावला की चटका बसतो. पाणी पीत राहा, नाकपुडीला खोबरेल लावा.

खाण्याचं सामान जे काय न्याल ते विमानतळावरच्या विचारणीत सांगून टाका, विचारलं की डबा उघडून दाखवा. कारळाची आणि शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ, काळा मसाला हे आणलंय म्हणून स्वच्छ सांगितलं की बहुतेक वेळा हसून सोडतात. तूप, खवा, ताजी फळं, कढीपत्ता, तुळशीचं रोप यातलं काही नेऊ नका. पाडवा तुमचा तिथंच होईल, तरी कडुलिंबाचा डहाळाही नको. मी त्या वर्षी गुढीला साखरेची गाठी आणि हाराऐवजी लेकीनं रंगीत कागदाची केलेली फुलं बांधली. गुढी गच्चीत लावली तर खाली पांढरं अंगण आणि वर जरीचा हिरवा खण. तो फोटो आजही माझ्या देव्हाऱ्याशेजारी आहे.

परतीचं तिकीट १ ते ५ जूनच्या दरम्यानचं काढा. घड्याळ तेव्हा साडेदहा तासांनी उलटं असतं, घरी आल्यावर चार-पाच दिवस दाजींना रात्री झोप येणार नाही आणि दुपारी डोळे मिटतील. त्या दिवसांत त्यांना ट्रॅक्टरवर बसू देऊ नका. पाऊस काही एवढ्यात येत नाही.